चाली सामायिकात आसत मां?

कृष्णनाथ गेला त्या दिवसापासून कमलाक्षीला रडू आलं नव्हतं, आणि वाड्यावरच्या बायकांना ह्याचाच मोठा घोर लागला होता. दुसऱ्याच्या घरचं माणूस गेलं की काही बायकांना रडण्यावर देखरेख करायची भारी हौस! "नवरो गेलो आणि ही बाई खुशाल चाय गाळता," असं शेजारची सुमन म्हणाली. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या अंतरावरून. कमलाक्षीने ते ऐकलं, चहा गाळून पूर्ण केला आणि गाळणं धुऊन खुंटीला लावलं. तिला वाईट वाटलं का म्हणाल, तर नाही. बरं वाटलं का, तर तेही नाही. आतलं सगळं सुन्न होतं. दाढ काढून आल्यावर ओठ आपलाच असतो आणि आपला नसतो, तसं.

पण तिच्याकडे एक गोष्ट शिल्लक होती, आणि ती कुणाला ठाऊक नसली तरी तिला पक्की ठाऊक होती. घरातल्या कंप्युटरात कृष्णनाथचा आवाज होता. भजनांच्या एक्केचाळीस चाली. ज्या दिवशी आत काहीतरी हलेल, त्या दिवशी दार लावून बसायचं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं, असं तिने ठरवलं होतं. आता ऐकून उपयोग नव्हता. आता ऐकलं असतं तर तेही चहा गाळल्यासारखंच झालं असतं.

ह्या चालींची गोष्ट सांगायची तर आधी कंप्युटरची सांगायला हवी.

पेडण्याच्या वर, मोपच्या सड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं घर. दोन भाऊ एकत्र. थोरला भिकाजी, पोस्टातून निवृत्त झालेला. त्याची बायको वत्सला. त्यांची मुलगी तनया. धाकटा कृष्णनाथ, त्याची बायको कमलाक्षी. ह्यांना मूल नाही. तनया बारावीला असताना विद्यार्थ्यांच्या सरकारी योजनेतून कंप्युटर घरात आला. पुढे ती इंजिनिअरिंगला फोंड्याला हॉस्टेलवर गेली, आणि यंत्र राहिलं खिडकीखालच्या मेजावर, सगळ्यांच्या तावडीत. भिकाजी त्यावर विमानतळाच्या जमिनीबद्दल वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचा. कृष्णनाथ कुठल्या कुठल्या मंडळांची भजनं ऐकायचा. तनया शनिवारी घरी आली की रडकुंडीला यायची, कारण तिचा प्रोजेक्ट कुणीतरी उघडलेला असायचा आणि त्यात मधेच 'महोदय, सविनय कळविण्यात येते की' असं लिहिलेलं असायचं.

कमलाक्षी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. तिथल्या मशीनवर मुख्याध्यापकांचं नाव वेगळं, तिचं वेगळं, परीक्षेच्या फायली फक्त दोघांनाच दिसायच्या. हे सगळं तिने स्वतः शिकून बसवलेलं. एका रविवारी जेवणं आटपून तिने घरचा कंप्युटर हाती घेतला आणि तासाभरात पडद्यावर चार नावं उभी केली: भिकाजी, कृष्णनाथ, कमलाक्षी, तनया. प्रत्येकाचं चित्र वेगळं, ज्याच्या-त्याच्या फायली ज्याच्या-त्याच्यापाशी. आणि सगळ्यांसाठी मिळून एक फोल्डर केला, त्याला नाव दिलं 'सामायिक'. त्यात रेशनकार्ड, चवथीचे फोटो, तनयाचे दाखले.

"म्हणजे ह्यो आमच्यो खोल्यो," कृष्णनाथ मागे उभा राहून म्हणाला, "आणि सामायिक म्हणजे सोपो. कोणीय येवचा, बसाचा."

"तसांच समजा," ती म्हणाली.

आता गंमत बघा. त्या यंत्रात मालक एकच असला की बरं असतं. म्हणून कमलाक्षीने स्वतःला ॲडमिनिस्ट्रेटर ठेवलं आणि बाकी तिघांना साधं ठेवलं. साधं म्हणजे यंत्राच्या भाषेत 'लिमिटेड'. आणि हे यंत्र असं निर्लज्ज की तो शब्द माणसाच्या नावाखाली लिहून दाखवतं! पोस्टात छत्तीस वर्षं इंग्रजी वाचलेल्या माणसाच्या नजरेतून तो सुटेल कसा?

भिकाजी तिच्याशी थेट बोलत नसे. राग म्हणून नव्हे हो. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलू नये, ही त्या घरची जुनी रीत. बाकीच्या घरांतून कधीच उडाली होती. भिकाजीने मात्र लावून धरलेली. बावीस वर्षं एका छपराखाली राहून त्याने तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. काही सांगायचं झालं की मधे वत्सला. ती बिचारी दोघांमधलं पोस्ट. कमलाक्षी चार पावलांवर उभी असली तरी तो म्हणायचा, "तिका सांग, बस चुकतली."

त्या संध्याकाळी तो वत्सलाला म्हणाला, "तिका विचार, ह्या घरात लिमिटेड कोण?"

वत्सलाला तो शब्द उच्चारताही येईना. कमलाक्षीला हसू आलं, पण हसायची सोय नव्हती. मोठ्याला आपल्याहून खाली बसवून वर ते लिहूनही ठेवायचं, हे तिलाही बरं दिसेना. पहिलं पान मोठ्याचं, पहिला नारळ मोठ्याचा, मग कंप्युटरात काय वेगळं? तिने दोन बटणं दाबली आणि भिकाजीला ॲडमिनिस्ट्रेटर करून टाकलं. तिच्या बरोबरीचे सगळे हक्क. तो काय करणार आहे त्या हक्कांचं, पत्रं लिहिण्यापलीकडे? "सांगा तेंका, केलंय," ती वत्सलाला म्हणाली. भिकाजीने जाऊन बघितलं आणि मान डोलावली. घरात शांतता झाली.

त्यानंतर वर्षभराने कृष्णनाथचा घसा धरला. आधी थंडी म्हणून काढे, मग खोकला म्हणून गोळ्या, मग बांबोळीचं मोठं हॉस्पिटल. डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटीच काढावी लागेल. तारीख मिळाली सतरा दिवसांनंतरची.

कृष्णनाथ म्हणजे वाड्यावरच्या भजनी मंडळाचा गळा. बुवा म्हणायचे त्याला. दर वर्षी स्पर्धेला तो नव्या चाली बांधायचा, आणि स्पर्धेच्या दिवसापर्यंत त्या चाली घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. पलीकडच्या वाड्याचं मंडळ टपलेलंच. एकदा त्याची एक चाल गाड्यावर ऑम्लेट-पाव खाताना कुणीतरी गुणगुणली, आणि महिन्याने ती दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून त्याने दोन दिवस जेवण टाकलं होतं. असा माणूस. त्या सतरा दिवसांत तो रोज सकाळी दार लावून कंप्युटरला जोडलेल्या टिकलीएवढ्या माइकसमोर बसला आणि फाटत चाललेल्या आवाजात एक्केचाळीस चाली त्याने कंप्युटरात भरल्या. कमलाक्षीने त्यांतल्या सात-आठ भिंतीपलीकडून, भाजी चिरता चिरता ऐकल्या. तेवढ्याच.

ती म्हणाली होती, "शाळेची पेनड्रायव्ह हाडतंय. एक प्रत करून ठेवूया."

"प्रत केली की पाय फुटतले," तो म्हणाला. "स्पर्धा होवंदे. मगे गावभर वाट."

घरच्या त्या मशीनमध्ये सीडी करायची सोय नव्हती, आणि शाळेत दर शुक्रवारी इमानाने प्रत काढणारी ही बाई घरी गप्प बसली. आजारी माणसाशी वाद कोण घालणार?

ऑपरेशननंतर तो पाटीवर लिहून बोलायचा. गळ्याला भोक, त्यातून श्वासाची शीळ. एक दिवस त्याने पाटीवर लिहिलं: 'दादाक ऐकूक दी. हात लावूक दिव नको.' तेव्हा कमलाक्षीने पुन्हा एकदा सगळं नीट बसवलं. चाली त्याच्याच नावाच्या आत राहिल्या. बाकीच्यांना त्या ऐकता येतील, पण बदलता येणार नाहीत, पुसता येणार नाहीत, अशी परवानगी तिने लावली. आणि सामायिक फोल्डरात तिने फक्त एक चित्र ठेवलं, 'चाली' नावाचं. त्यावर टिचकी मारली की त्याच्या खोलीचं दार उघडायचं. चित्राच्या कोपऱ्यात एक बारीक बाण असतो, म्हणजे वस्तू इथे नाही, तिकडे आहे. तो बाण कोण बघतो? भिकाजीला सामायिकात चाली दिसल्या, त्याने त्या ऐकल्या, आणि बाहेर येऊन तो बराच वेळ माडाच्या मुळाशी उभा राहिला.

तिला त्या दिवशी वाटलं होतं, आता काळजी नाही. पुसायची परवानगी कुणालाच नाही. दाराला असं कुलूप लावलं होतं बाईने. आणि अख्खी खोलीच पाडायचा हक्क एका माणसाला तिनेच मानाने देऊन ठेवला होता, ते तिच्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

पौष महिन्यात कृष्णनाथ गेला. मूल नाही, म्हणून अग्नी भिकाजीने दिला. बारा दिवस तो जमिनीवर झोपला, एकवेळ जेवला. अकराव्या दिवशी घर सारवून-पुसून झालं. गादी, उशी, कपडे, चष्मा, पाटी, औषधाच्या बाटल्या, सगळं त्याने स्वतःच्या हाताने बांधलं आणि बाहेर काढलं. गेलेल्याचं काही मागे ठेवायचं नाही, ठेवलं तर त्याचा जीव घुटमळतो, त्याला पुढची वाट धरवत नाही. मोठ्या भावाचं शेवटचं काम म्हणून तो ते करत होता. कमलाक्षी ओसरीच्या कदेलीवर, जुन्या लाकडी खुर्चीवर, बसून बघत होती. वत्सला येऊन तिला काही ना काही विचारत होती आणि ती सगळ्याला हो म्हणत होती. तांदूळ किती शिजवू, हो. भटजींना सोमवारी बोलवू, हो. वत्सलाने हात लावून हलवलं तरी हो.

मंडळातल्या लोकांनी ठरवलं, महिन्याच्या श्राद्धाला भजन करू, आणि त्याआधी सगळ्यांनी बसून बुवांच्या चाली ऐकू. यंदाच्या स्पर्धेला त्यांच्याच चाली म्हणायच्या. पखवाजवाला अनंत येऊन विचारून गेला. कमलाक्षी त्यालाही हो म्हणाली.

चाली ऐकायच्या ठरलेल्या दिवशी दुपारी चार वाजता तिने कंप्युटर लावला. तनयाने आदल्या शनिवारी आणलेले मोठे स्पीकर जोडले. पडद्यावर नावं आली. तिने आपलं नाव दाबलं, सामायिक उघडलं, 'चाली'वर टिचकी मारली. यंत्राने सांगितलं, ही वस्तू हलवली किंवा बदलली गेली आहे, सापडत नाही. तिने पुन्हा टिचकी मारली. मग ती बाहेर पडून पुन्हा नावांच्या पडद्यावर आली आणि तिने नावं मोजली. तीन होती.

ती उठली नाही. बसल्या जागेवरून तिने हाक मारली, "वयनी."

वत्सला पदराला हात पुसत आली. "काय गो?"

"हेंचा नाव खंय गेला?"

"काडला मां," वत्सला म्हणाली. "अकराव्याक. सगळां बाहेर काडला, आणि तां नाव उजेडात तसांच. यंत्र लावला की मेलेलो माणूस समोर! ह्यांका बघवना. ह्यांनीच काडला. यंत्रान विचारला तेंका, फायली ठेवचे की काडचे. हे म्हणाले, गेलेल्याचां ठेवतत नाय. काडले." मग तिचा आवाज खाली आला. "तुका विचारूनच काडला गो. हेंनी माका धाडला, तिका विचार म्हणान. मी तुका विचारलंय, नाव काडतत, चाली सामायिकात आसत मां? तू हो म्हणालंस."

कमलाक्षीला ते आठवलं. आठवलं म्हणजे वत्सलाचं हलणारं तोंड आठवलं, आणि आपण मान हलवली होती ते. सामायिकात आहेत ना? हो. खोटं तरी कुठे होतं! बाण होता.

तिने शाळेचा कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला म्हापशाला फोन लावला. त्याने दोनच प्रश्न विचारले. त्यानंतर यंत्र वापरलं का? रोज, ती म्हणाली. त्यात नवीन काही भरलं का? तनयाने दोन शनिवार मिळून मैत्रिणींकडचे सिनेमे भरले होते, यंत्र काठोकाठ.  "बाई, आणा हवं तर," तो म्हणाला, "पण मी खोटी आशा लावत नाही." तिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

वत्सला दाराला धरून उभी होती. सगळं तिला कळलं नव्हतं. जेवढं कळलं तेवढं पुरे होतं. "तेंका सांगशीत?" ती म्हणाली. "तेंका कळला तर ते उठाचे नाय गो. भावाक अग्नी दिलो तेणी. आणि आता तेचो आवाजय..." 

कमलाक्षीने घड्याळाकडे बघितलं. तिला इतकंच दिसत होतं की सहा वाजता माणसं येणार.

माणसं सहाच्या आधीच आली. सोप्यावर सतरंजी घातली होती. अनंतने पखवाजाला कणीक लावली, पेटीवाल्याने भाता हलवून बघितला. भिकाजी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून सगळ्यांच्या पुढे बसला. महिन्यात माणूस निम्मा झाला होता. पण त्या संध्याकाळी त्याचा चेहरा जरा उजळला होता, कारण भाऊ बोलणार होता. तो वत्सलाकडे न बघता म्हणाला, "तिका सांग, लाव म्हणान."

कमलाक्षी दारात येऊन उभी राहिली. तिने सगळ्यांच्या डोक्यांवरून समोर बघितलं आणि सपाट आवाजात, शाळेत सूचना वाचावी तशी, म्हणाली, "चाली गेल्या. कंप्युटरातून पुसल्या गेल्या. परवानग्या मीच लावलेल्या. चूक माझी."

 अनंतच्या बोटाला कणीक तशीच चिकटलेली. मग तोच बोलला, आणि त्याचा आवाज चढला. "सगळ्यो? वयनी, एक्केचाळीस चाली! मरता मरता भरलेल्यान माणसान. तुमी शाळेत कंप्युटर चलवतास. दुसऱ्या कोणाच्या हातसून गेल्यो असत्यो तर गोष्ट वेगळी. तुमच्या घोवाचो आवाज तुमका सांबाळूक येवलो नाय?"

"अनंता!" भिकाजी उभा राहिला. गुडघ्यावर हात टेकून उठला, पण उठला. "बस झाला. ह्या घरात तिका कोणी कायएक बोलूचा नाय."

अनंत खाली बघू लागला. भिकाजी वळला. मधे वत्सला उभी होती, तिला त्याने हाताने बाजूला केलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तो भावजयीच्या समोर येऊन उभा राहिला.  काय म्हणून हाक मारायची तेच त्याला माहीत नव्हतं.

"कमल," तो शेवटी म्हणाला. "मनाक लावन घेव नको. चुकी कोणाच्याय हातसून होता. कृष्णा आसतो तर तेणां तुका माफ केला असता. मीय केला."

वत्सलाने पदर तोंडात कोंबला आणि ती आत पळाली.

आणि कमलाक्षीच्या आत, महिनाभर जिथे काही नव्हतं तिथे, एकदम आग झाली. राग आला तिला, असा राग की डोळ्यांपुढे अंधारी आली. तुम्ही काढलंत, तुम्ही! तुमच्या हाताने, तुमच्या बोटाने, मला तोंडाने न विचारता! ते सगळं जिभेवर आलं. समोर म्हातारा उभा होता, तिच्या डोक्यावर हात ठेवावा की ठेवू नये ह्या विचारात हात अर्धवट उचललेला, डोळे भरलेले, भावाचा शेवटचा आवाज गेला तरी भावजयीला सांभाळायला उठलेला. तिने दात आवळले. ते शब्द आत गेले, आणि त्यांच्या जागी रडू आलं.

आलं ते असं आलं की ती दाराला धरून खाली बसली. शेजारची सुमन धावत आली, "रड गो बाय, रड, बरां आसा," म्हणून पाठीवरून हात फिरवू लागली. मंडळी मान खाली घालून बसली होती. त्यांना वाटलं, चुकीपायी रडते आहे. अनंतही डोळे पुसू लागला आणि "माझी जीभ झडो" म्हणाला. भिकाजी तिथेच उभा राहून पुन्हा पुन्हा सांगत होता, "माफ केला गो, माफ केला."

कमलाक्षी रडत होती आणि त्या रडण्यात कृष्णनाथचा आवाज शोधत होती. आता हलली होती ना आत सगळी? हाच तो दिवस होता. एखादी चाल, एखादी ओळ, नुसती तिच्या नावाची हाक तरी. तिने डोळे घट्ट मिटले. तिला त्याच्या गळ्यातल्या भोकातून येणारी श्वासाची शीळ तेवढी ऐकू आली.